थोरला साहेब, धाकटा हुतात्मा

सख्ख्या भावावर मी तीसेक वेळा गोळी झाडली आहे. दरवर्षी ऑगस्टात, त्याच गावात, त्याच ओट्यावर, भर दुपारी, चार-पाचशे माणसांदेखत. आणि आता पासष्टी ओलांडल्यावर खोटं कशाला बोलू, दर वेळी थोडी मनापासूनच झाडली.

आमचा धंदा ड्रेपरीचा. नागपुरात महाल भागात, गल्लीच्या तोंडाशी दुकान. ड्रेपरी म्हटलं की बाहेरचा माणूस पडद्याचं कापड मागतो. तसं नाही. नाटक, झांकी, गॅदरिंग, मिरवणूक, जिथं माणसाला घटकाभर दुसऱ्याचं रूप घ्यायचं असतं तिथं कपडे, मिशा, टोप्या, तलवारी भाड्यानं देणारे आम्ही. वडील मूळचे शिंपी. नाटकवाल्यांचे अंगरखे शिवता शिवता त्यांनी अंगरखे स्वतःजवळच ठेवायला सुरुवात केली आणि दुकान उभं राहिलं. त्यांच्यामागे मी आणि माझा धाकटा भाऊ वसंता.

लोकांचा मोसम लग्नाचा, आमचा ऑगस्टाचा. क्रांतिदिन झाला की पंधरा ऑगस्ट, मग पोळा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. इंग्रजाला जाऊन मिळालेल्यांच्या नावानं शिमगा करायची ही आमच्या नागपूरची जुनी रीत. मारबतीच्या मागून जी सोंगं निघतात, त्यांच्या अंगावर कोट-टोप आमचेच. त्या महिन्यात आम्ही घरी फक्त झोपायला जायचो.

गिऱ्हाईकं एकेक नमुना. एक बाई शाळेतल्या पोरासाठी क्रांतिकारकाचा ड्रेस न्यायला आली. सदरा, धोतर, मिशी, सगळं घेतलं आणि विचारते, "भाऊ, फाशीचा दोर भेटंन का?" म्हटलं, बाई, दोर आम्ही ठेवत नाही. तर म्हणे, "मंग पोराले बक्षीस कसं भेटंन?" आणखी एक आजोबा आले होते, खरेखुरे बेचाळीसचे, तुरुंगात राहून आलेले. त्यांचा सत्कार होता आणि नातू म्हणाला होता, आबा, तुम्ही स्वातंत्र्यसैनिक दिसतच नाही. मी त्यांना धोतर नेसवलं, टोपी दिली, आरशासमोर उभं केलं. ते बराच वेळ स्वतःला पाहत राहिले आणि म्हणाले, "हाव, आता दिसून राह्यलो." ते धोतर मी परत मागितलं नाही.

एवढ्या वर्षांत एक मात्र कधी झालं नाही. इंग्रज साहेबाचा ड्रेस आपणहून मागायला कोणी आलं नाही. शाळेत साहेब ज्याला करतात, ते पोर रडत दुकानात येतं. मोठी माणसं रडत नाहीत, पण मिशी लावताना मान फिरवतात. साहेब लागतो सगळ्यांना, व्हायचं नसतं कोणालाच. तर तो मी झालो.

सावनेरच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, गावाला आवडणार नाही. बेचाळीसच्या आंदोलनात तिथला एक चोवीस वर्षांचा गडी झेंडा घेऊन चावडीच्या ओट्यावर चढला आणि पोलिसांच्या गोळीनं पडला. दरवर्षी त्या दिवशी गाव तो प्रसंग जसाच्या तसा उभा करतं. प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, सगळी कामं गावकरीच करतात. दोन सोडून. गावातल्या माणसानं गावातल्या माणसावर बंदूक धरायची नाही, ही तिथली रीत, त्यामुळे साहेब बाहेरचा लागतो. आणि हुतात्म्याचं मरण अंगावर घेतलं तर आयुष्य कमी होतं, हा समज, त्यामुळे हुतात्माही बाहेरचा. कपड्यांबरोबर ही दोन माणसंही ड्रेपरीवाल्यानं आणायची.

पहिल्या वर्षी वडील होते. त्यांनी आम्हा दोघांना दुकानात समोर उभं केलं, माझ्या हातात साहेबाची सोला हॅट दिली, वसंताच्या हातात गांधी टोपी. मी विचारलं, "मीच काहून साहेब?" वडील म्हणाले, "तुहा आवाज साहेबाचा हाय. अन् याचा चेहरा मरनाऱ्याचा."

चेहऱ्याचं बोलणं निघालंच आहे तर सांगतो. वसंता लहानपणापासून दिसायला उजवा. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलीच्या मावशीनं पोह्यांची पहिली बशी त्याच्यापुढे ठेवली. नवरदेव हा नव्हे, तो, हे कळल्यावर तिचं तोंड पडलं ते मी अजून विसरलो नाही. पुढे त्याला दोन मुली झाल्या, मला दोन्ही मुलगेच, ते पुण्यात. पोरी बापाला फोन करतात, पोरं बापाचा फोन उचलतात. एवढ्यानंच माझ्या पोटात दुखायचं. बाकी भाऊ म्हणून वसंतात खोट काढायला जागा नव्हती, हे तर आणखी वाईट.

त्या गावात माझ्या जळण्याला खरी धग लागली ती सीतामायमुळे. सीतामाय म्हणजे त्या हुतात्म्याची लेक. बाप गेला तेव्हा दीड वर्षाची. बापाचा फोटो नाही, आठवण नाही. हुतात्मा ओट्यावर पडला की ती हातात ताट घेऊन गर्दीतून पुढे यायची. वसंता डोळे मिटून पडलेला असायचा. ती त्याच्या कपाळाला कुंकू लावायची, ओवाळायची आणि म्हणायची, "बाबा, उठा आता. घरी चाला." मग वसंता उठायचा. चाळिशीतल्या माणसाला साठीची बाई बाबा म्हणते, आणि हसायला कोणाला येत नाही. मी मी म्हणणारे गडी उपरण्यानं डोळे पुसायचे.

मग ती त्याला घरी घेऊन जायची. पाटवड्यांचा रस्सा, भाकर, वर भिवापुरी मिरचीचा ठेचा. साहेबाला त्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. तोंडाचा गुलाबी रंग खोबरेल तेलानं खरवडून, मिशी सोडवून मी माणसात येईपर्यंत रस्सा संपलेला. मला ग्रामपंचायतीत पोहे. वसंता ढेकर देत गाडीत बसायचा आणि सांगायचा, "दादा, माय लय जीव लावते गा." नाकाला मिरच्या मलाच झोंबायच्या, ठेचा न खाता.

आता माझं काम काय होतं, तेही सांगितलं पाहिजे, कारण ते कोणाला दिसत नव्हतं. बंदूक लाकडी. आवाजासाठी ग्रामपंचायतीच्या भिंतीमागे नामदेव नावाचा गडी सुतळी बॉम्ब घेऊन बसायचा. वात पेटवली की तो लाल फडकं वर करायचा. तिथून बॉम्ब फुटेपर्यंत पाच-सात श्वास. तेवढ्या वेळात मला "झंडा नीचे करो, हम तीन तक गिनेगा" म्हणत वन, टू, थ्री असं ताणून आणायचं आणि "फायर" अशा वेळी म्हणायचं की शब्द संपला आणि धडाका झाला. एक श्वास पुढे-मागे झाला तर सगळ्याचा तमाशा. बॉम्ब फुटला की दोन पावलं मागे सरायचं, कारण मी ओट्याच्या पायरीशी उभा आणि सीतामायची वाट तीच. बावीस वर्षांत माझं "फायर" एकदाही चुकलं नाही. त्याबद्दल शाबास म्हणायला कधी कोणी आलं नाही. साहेबाला कोण शाबास म्हणतो?

तेविसाव्या वर्षी माझं डोकं फिरलं. त्याच तारखेला भिवापूरच्या एका शाळेनं कार्यक्रम ठेवला होता, तीस पोरांना फेटे बांधायचे होते. कोणीही गेलं असतं तरी भागलं असतं. मी वसंताला म्हटलं, "फेटे तुह्यासारखे कोणाले जमतात? तूच जाय." त्याच्या तोंडावर त्याची तारीफ मी आयुष्यात पहिल्यांदा केली, तीही अशी.

तो म्हणाला, "मंग गावाले हुतात्मा कोन होईन?"

"मी पाहून घेतो."

वसंता मग "हाव" म्हणाला आणि फेट्यांची पेटी उचलून गेला.

मला फक्त एकदा ऐकायचं होतं, "बाबा, उठा." बस. दुसरं काही नको होतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस चोवीस वर्षांचा व्हायला निघाला. मी मिशी काळी केली, पोट आत घेऊन धोतर नेसलो. साहेब म्हणून गावच्या शाळेवर नव्यानं बदलून आलेले गुरुजी तयार झाले होते, बाहेरगावचे, सरळ माणूस. त्यांना मी गुलाबी फासलं, कोट चढवला, चार वाक्यं शिकवली, लाल फडक्याचं समजावून सांगितलं. सोला हॅट माझ्या डोक्याच्या मापाची, गुरुजींचं डोकं लहान. अशा वेळी हॅटच्या आत कागदाची घडी घालायची असते. हे आमच्या धंद्यातलं पहिलं काम. पण मी आरशासमोर माझी टोपी कधी डावीकडे, कधी उजवीकडे तिरपी करून पाहत होतो. कागद राहिला.

ओट्यावर चढलो. झेंडा उंच धरला. गर्दी "भारत माता की जय" म्हणाली ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाली. इतकी वर्षं मी याच गर्दीच्या शिव्या खाल्ल्या होत्या. छाती भरून आली माझी. बायकांमध्ये पुढेच सीतामाय ताट घेऊन बसलेली दिसली.

गुरुजींनी सुरुवात बरी केली. "झंडा नीचे करो" म्हणताना जोशात मान हलवली आणि हॅट सरकून डोळ्यांवर आली. त्यांनी ती वर केली, ती पुन्हा खाली आली. तेवढ्यात भिंतीमागून लाल फडकं वर गेलं. मला दिसलं, त्यांना नाही. ते दोन्ही हातांनी हॅट धरून वाक्य आठवत उभे. वात जळत होती. मी मनात श्वास मोजत होतो. एक, दोन, तीन. गुरुजींचं अजून वन नाही. चार, पाच. आता शब्दाविना बॉम्ब फुटणार आणि सगळा विचका होणार.

आणि मी ओरडलो, "फायर!"

हुतात्म्याच्या वेशात, हातात झेंडा घेऊन, साहेबाच्या बुलंद आवाजात, मी स्वतःवरच गोळी झाडायचा हुकूम सोडला. बॉम्ब अगदी बरोबर फुटला. मी पडलो.

डोळे मिटून पडलो होतो. आधी काही आवाज नाही. मग मागून कोणीतरी खिदळलं, मग दहा जण, मग अर्धं गाव. बावीस वर्षांत त्या जागी कोणी हसलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ओट्याच्या फरशीचा दगड गालाला गरम लागत होता आणि जमीन दुभंगून आपण आत जावं असं वाटत होतं. हसू हळूहळू विरलं. मग बांगड्या वाजल्या, जवळ कोणीतरी बसलं. एवढं होऊनही मी लबाड वाट पाहत होतो. आता म्हणेल.

"उठा साहेब," सीतामाय म्हणाली.

मी डोळे उघडले. ताट तिच्या हातात होतं, पण कुंकवाकडे बोट गेलं नव्हतं.

"वसंता काहून नाही आला?"

"भिवापूरले काम होतं, माय."

"तुमीच पाठोला असंन." आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला खोटं बोलता आलं नाही. ती म्हणाली, "मी माह्या बापाले पाह्यलं नाही, साहेब. वसंता दिसला का मले बाप दिसते. तुमचा आवाज आला का त्याचं मरन समजते. दोनी तुमीच घेऊन बसले, त मी ओवाळू कोनाले?"

तिनं ताटातला दिवा झेंड्याच्या काठीपाशी ठेवला, काठीला कुंकू लावलं आणि निघून गेली. माझं कपाळ कोरडंच राहिलं. गुरुजी येऊन माफी मागायला लागले. त्यांना म्हटलं, गुरुजी, चूक तुमची नाही, कागदाची आहे. त्यांना काही कळलं नाही.

संध्याकाळी दुकानात आलो तर वसंता फेट्यांना इस्त्री करत होता. गावातून कोणाचा तरी फोन त्याला येऊन गेला होता. तो हसेल असं वाटलं, हसला नाही.

"माय काय म्हने?" एवढंच त्यानं विचारलं.

"तुही याद करून राह्यली होती," मी म्हटलं. खरंच होतं ते. बाकी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मी हॅट घातली, त्यानं टोपी. सीतामायनं त्याला ओवाळलं, बाबा म्हटलं, घरी नेलं, आणि मी गुलाबी तोंडानं पोहे खाल्ले. अक्कल आली होती, जळणं गेलं नव्हतं. अशी आणखी सात-आठ वर्षं गेली. मध्ये एकदा परतताना गाडीत वसंतानं विचारलं, "दादा, मी पडल्यावर माय कशी दिसते गा? मी त डोळे मिटून राह्यतो. तिचा आवाज ऐकू येते, बांगड्या ऐकू येतात. डोळे उघडतो तवा ती हसून राह्यली असते. त्याच्या अगुदरचं मले कधी दिसलंच नाही."

मला ठाऊक होतं. तेवढं एकच मला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं. चेहरा त्याचा, बाबा तो, रस्सा त्याचा, पोरी त्याच्या. एवढी एक चीज माझी होती. मी म्हटलं, "दिसते आपली. जसे सारे दिसतात."

सीतामाय या उन्हाळ्यात गेली. ऑगस्टात गावानं आम्हाला बोलावलं, रीत मोडायची नाही म्हणून. लाल फडकं वर झालं, मी "फायर" म्हटलं, वसंता पडला. मी सवयीनं दोन पावलं मागे सरलो. पायरी मोकळी. ओवाळायला कोणी आलं नाही, कोणी यायचं हे गावाला सुचलंच नव्हतं. बासष्ट वर्षांचा माझा भाऊ डोळे मिटून उन्हात पडून राहिला. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. शेवटी मीच वर चढलो, हॅट काढली आणि म्हटलं, "उठ वसंता. घरी चाल." त्यानं डोळे उघडले ते भरलेले होते. गाडीत त्यानं पुन्हा विचारलं, "खरं सांग ना दादा. कशी दिसे?" मी खोबरेल तेलानं तोंडाचा गुलाबी रंग खरवडत बसलो. त्याला वाटलं असेल, थोरला अजूनही जळतो.

दिवाळी अंक वसंता पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो. म्हणून इथं लिहितो.

वसंता, माह्या तोंडून 'फायर' निघालं का माय दर साली कान झाकून घे. बॉम्ब फुटाच्या अगुदर. मले पहिले काही वर्षं वाटलं बॉम्बाले भेते. तू पडला का तिचं तोंड दीड वर्षाच्या पोरीसारखं होऊन जाय, ओठ बाहेर काढून, आता रडंन का मंग रडंन असं. अन् मंग ती तुह्याकडे नाही, माह्याकडे पाहे. ताट हातात घेऊन उभी राहे अन् साहेबाकडे पाहे, बापाले घरी नेऊ का म्हनून. मी दोन पावलं मांगं सरलो का मंगच पायरी चढे. एवढे साल ती दरवर्षी मले विचारून तुह्याकडे आली, अन् मी तिथंच उभा राहून तुह्यावर जळत होतो.